हुकूम कोणत्या शिडीनं उतरतो?

दोस्तांनो, हल्ली आपल्या पोरांच्या तोंडी दोन वाक्यं सारखी ऐकू येतात. पहिलं असं : "या लोकशाहीत काही दम नाही. दहा वर्षं मिलिटरी राज आलं पाहिजे, म्हणजे गावातले सगळे वठणीवर येतील." दुसरं वाक्य जरा जास्त वाचलेल्या पोरांचं : "मतपेटीतून आपल्याला काही मिळायचं नाही. चीनसारखी एकच पार्टी पाहिजे. एका फटक्यात जमीनदार साफ." नामपूरच्या बाजारात, चहाच्या टपरीवर मी ही दोन्ही वाक्यं ऐकलेली आहेत. बोलणारी पोरं आपलीच. जयभीम घालणारी, चौदा एप्रिलच्या तयारीला रात्र-रात्र राबणारी.

त्यांना हसून चालणार नाही, कारण त्यांचं दुखणं खरं आहे. सत्तर वर्षांवर मतं टाकली, तरी किती वस्त्यांना धड रस्ता नाही, किती ठिकाणी मढं जाळायला जागा नाही. केस केली तर साक्षीदार फुटतात. मग पोरगं म्हणणारच, मोडा हे सगळं. पण दोघंही औषध एकच मागतात : गावच्या दंडुक्याला मोडील असा वरचा मोठा दंडुका. आपण इतिहासाला विचारू, की असा दंडुका जिथं जिथं आला तिथं तो कुणाच्या पाठीवर बसला?

देशादेशांची तुलना करायची तर आधी कसोटी लागते. विद्वान लोक घटना, संसद, न्यायालयं, पक्ष मोजतात. मोजू द्या. मी दोनच सवाल विचारतो. सगळ्यात खालच्या माणसाला 'नाही' म्हणता येतं का, आणि म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी तो आपल्या घरात सुखरूप असतो का? हा पहिला. सत्तेवरच्या माणसाला रक्त न सांडता खाली उतरवता येतं का? हा दुसरा. या दोन सवालांना जितका 'हो' मिळेल तितकी तिथं लोकशाही. मग पाटीवर काहीही लिहिलेलं असू द्या.

१. पाटी एक, माल दुसरा

दक्षिण आफ्रिकेत पार्लमेंट होती, निवडणुका होत्या, विरोधी पक्षसुद्धा होता. वर्णभेदवाला नॅशनल पक्ष १९४८ साली निवडणुकीतूनच सत्तेवर आला. पण ती निवडणूक गोऱ्यांची. काळ्या माणसानं खिशात पास घेऊन हिंडायचं. पास नसला की तुरुंग. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिल गावात लोक पास घरी ठेवून पोलीस ठाण्यावर गेले आणि म्हणाले, करा अटक. पोलिसांनी गोळ्या घातल्या. किमान ६९ माणसं मेली. एकाच देशात, एकाच दिवशी गोऱ्याला लोकशाही आणि काळ्याला हुकूमशाही. सगळ्यांना मत मिळालं ते एप्रिल १९९४ मध्ये.

अमेरिका घ्या. रंगावरून कुणाचं मत हिरावता येणार नाही अशी दुरुस्ती तिथल्या घटनेत १८७० साली झाली. पण दक्षिणेकडच्या राज्यांत मत द्यायला आलेल्या काळ्यापुढं वाचनाची परीक्षा ठेवली, मतदानावर कर ठेवला, आणि तरीही तो हटला नाही तर झाडाला दोर टांगला. ते मत खरं हातात यायला १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला. पंचाण्णव वर्षं! आणि ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आपल्या पँथरनं नाव घेतलं, ती संघटना त्या कायद्यानंतर एका वर्षानं, १९६६ साली निघाली. म्हणजे मत हातात आलं तरी वस्तीत शिरणाऱ्या पोलिसाचा दंडुका थांबला नव्हता.

आता रशिया. १९३६ ची सोव्हिएत घटना कागदावर वाचली तर डोळे दिपतात. सर्वांना मत, गुप्त मतदान, भाषणस्वातंत्र्य, सगळं आहे. पुढच्याच दोन वर्षांत, १९३७-३८ मध्ये, स्टालिनच्या पोलिसांनी साडेसहा लाखांहून जास्त माणसांना गोळ्या घातल्या. त्यात गरीब शेतकरी होते, कामगार होते, आयुष्य पार्टीला वाहिलेले कम्युनिस्टही होते. मत होतं, पण उमेदवार एकच. 'नाही' म्हणणाऱ्याचं घर रात्री रिकामं व्हायचं.

म्हणून पाटीला भुलायचं नाही. लोकशाहीची पाटी लावून अर्ध्या गावाला गुलाम ठेवता येतं आणि कामगारांच्या राज्याची पाटी लावून कामगाराला गोळी घालता येते.

२. आपण हुकूमशाही आधीच जगलोय

आपल्याला हुकूमशाही समजून घ्यायला जर्मनी-रशियात जायची गरज नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी ती गावातच भोगली. तिचं नाव महारवतन.

वतनदार महाराला कामाची वेळ नव्हती. सरकारी टपाल न्यायचं, साऱ्याचा पैसा पोचवायचा, आलेल्या अंमलदाराचं ओझं वाहायचं, त्याच्या घोड्यापुढं पळायचं, दवंडी द्यायची, गावातलं मेलेलं ढोर ओढायचं. दिवसा, रात्री, केव्हाही. तो आजारी पडला तर घरातला दुसरा माणूस न्यायचा. मोबदला म्हणजे हाडकी-हाडवळ्याची तुकडाभर जमीन, खळ्यावरचं बलुतं आणि दारोदार मागितलेली भाकर. बलुतं द्यायचं की नाही ते गावाच्या हातात. 'नाही' म्हटलं की चूल बंद.

आता यात शिडी कशी होती ती बघा. वर गव्हर्नर. त्याच्याखाली कलेक्टर, त्याच्याखाली मामलेदार, मग पाटील-कुलकर्णी, आणि सगळ्यात शेवटी महार. गव्हर्नरला कुणी निवडून दिलं नव्हतं. लंडनमध्ये पार्लमेंट होती, आपल्याकडे फक्त हुकूम होता. पेशवाई बुडाली म्हणून आपले लोक सुटकेचा श्वास घेत होते, पण इंग्रज सरकारनं ही शिडी मोडली नाही. १८७४ च्या वतन कायद्यानं ती उलट पक्की केली. का? कारण सोयीची होती. इतक्या स्वस्तात सरकारला रात्रंदिवस राबणारा माणूस दुसरा कुठं मिळणार?

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात या वतनाच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. तेव्हा ते सरकारनं नेमलेले सभासद होते. कौन्सिलात निवडून आलेले लोक होते, पण त्यांना निवडणारे कोण? सारा भरणारे, इस्टेटवाले. राबणाऱ्या महाराला मत नव्हतं, मग त्याची भीती कुणाला वाटणार? १९२९ साली बाबासाहेबांना ते विधेयक मागं घ्यावं लागलं. महारवतन कायद्यानं गेलं ते १९५८ च्या कनिष्ठ वतनं रद्द करणाऱ्या कायद्यानं. मध्ये तीस वर्षं गेली. त्या तीस वर्षांत काय बदललं होतं? राबणाऱ्या माणसाच्या हातात मत आलं होतं.

तेही फुकट नव्हतं. जमिनी परत घ्यायला कब्जाची रक्कम भरायची होती, आणि पुढं कितीतरी वतनी जमिनी आपल्या लोकांच्या हातून निसटल्या. पण रात्री दारात येऊन "चल, ओझं उचल" म्हणायचा हक्क मात्र कायद्यानं संपला.

आपल्या नाशिकचीच दुसरी गोष्ट. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड त्याच्या बिनीला होते. बायामाणसंही अटक झाली. पाच वर्षं लढा चालला, दार उघडलं नाही. सरकार म्हणायचं आम्ही मध्ये पडत नाही. पण मनाई हुकूम कुणावर निघायचे? दार बंद करणाऱ्यावर कधी निघाले नाहीत, दारापुढं बसणाऱ्यावर निघाले. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली त्यामागं ही पाच वर्षं आहेत. वरचा दंडुका आणि गावचा दंडुका यांचं भांडण आपण धरून चालतो, ते भांडण नाशिकला दिसलं नाही. वरच्यानं गावच्याची राखण केली.

३. मत म्हणजे काय मिळालं

बाबासाहेब १९१९ साली साउथबरो कमिटीपुढं साक्ष द्यायला गेले तेव्हापासून मताचा सवाल लावून धरत होते. १९२८ साली सायमन कमिशनपुढं त्यांनी सर्व प्रौढांना मत मागितलं. तेव्हा मोठमोठे पुढारी म्हणत, अडाणी माणसाला मत देऊन काय करायचं? बाबासाहेबांचं म्हणणं होतं की कसल्या व्यवस्थेत जगायचं ते ठरवण्यात राबणाऱ्याचाही वाटा पाहिजे. १९५०ला घटना अंमलात आली आणि १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सतरा कोटींवर मतदार होते. बहुतेकांना अक्षर येत नव्हतं. चिन्ह बघून त्यांनी मत टाकलं.

त्याच निवडणुकीत बाबासाहेब उत्तर मुंबईत पडले. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पडले. आपल्याला अजून ती सल आहे. पण यातून एक शिका. घटनेचा शिल्पकार हरला, आणि तरी त्यानं घटना फाडली नाही. डिसेंबर १९५२ मध्ये, पडल्याला वर्ष झालं नव्हतं तेव्हा, पुण्यात वकिलांसमोर ते लोकशाहीवर बोलले. लोकांच्या सामाजिक आणि आर्थिक जीवनात रक्त न सांडता क्रांतिकारक बदल घडवणारी राज्यपद्धती ती लोकशाही, अशी त्यांची व्याख्या. आणि ती चालायला काय काय लागतं तेही त्यांनी सांगितलं : समाजात टोकाची विषमता नको, विरोधी पक्ष हवा, कायद्यापुढं आणि कारभारात सगळे सारखे हवेत, बहुसंख्यांनी अल्पसंख्यांवर जुलूम करता कामा नये, आणि दुसऱ्यावरचा अन्याय बघून उठणारी लोकांची सदसद्विवेकबुद्धी हवी. दक्षिण आफ्रिकेत काळ्यांसाठी आणि हिंदी लोकांसाठी लढणाऱ्या मायकल स्कॉट या गोऱ्या पाद्र्याचा दाखला त्यांनी दिला. आपल्यासाठी असा उठणारा सवर्ण तरुण किती, हा त्यांचा सवाल. तो अजून तसाच उभा आहे.

४. जर्मनी : दार आतून उघडलं

मिलिटरी राज मागणाऱ्या पोरांनी १९३३ चं जर्मनी वाचलं पाहिजे. तिथं हिटलर फौज घेऊन आला नाही. ३० जानेवारीला त्याला रीतसर पंतप्रधान नेमलं. २७ फेब्रुवारीला संसदेच्या इमारतीला आग लागली. दुसऱ्याच दिवशी वटहुकूम निघाला आणि भाषण, सभा, छापखाना, सगळी स्वातंत्र्यं गेली. २३ मार्चला संसदेनं स्वतःच कायदा करून कायदे करायचा अधिकार हिटलरच्या सरकारला देऊन टाकला. ४४४ मतं बाजूनं, ९४ विरुद्ध. विरोधात उभे राहिले ते फक्त सोशल डेमोक्रॅट. कम्युनिस्टांना आत येऊच दिलं नव्हतं. २ मेला कामगार संघटना मोडल्या. जुलैत एकच पक्ष उरला. साडेपाच महिन्यांत सगळं आटोपलं.

बेकारीनं पिचलेली जर्मन माणसं तेव्हा म्हणत होती, कडक माणूस पाहिजे. कडक माणूस आला आणि त्यानं आधी कुणाला गाठलं? ज्यांच्याबद्दल समाजात आधीच तिरस्कार होता त्यांना : ज्यू, जिप्सी, अपंग, विरोधक. हुकूमशहा नवा तिरस्कार तयार करत बसत नाही. समाजात जो तयार असतो तोच उचलतो आणि त्याला वर्दी घालतो. आता सांगा, आपल्या देशात तयार असलेला सगळ्यात जुना तिरस्कार कुणाबद्दलचा आहे?

२५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी हाच धोका सांगितला होता. धर्मात भक्तीनं मुक्ती मिळत असेल, राजकारणात मात्र व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ. आणि दुसरं, राजकारणात समता आणि समाजात विषमता हे फार दिवस सोबत चालणार नाही. ज्यांना विषमता सोसावी लागते ते एक दिवस हा डोलारा उडवून देतील. टपरीवरची आपली पोरं हे दुसरं वाक्य जगताहेत. त्यांनी पहिलंही वाचावं.

५. आणीबाणी : कोटा कुठं पुरा झाला

आपल्याच देशात एकवीस महिने प्रयोग झाला. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली, २१ मार्च १९७७ ला उठली. तेव्हा पुष्कळ लोक खूश होते. गाड्या वेळेवर, कचेऱ्या वेळेवर, व्यापारी टरकलेले. वीस कलमी कार्यक्रम आला. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे. अस्पृश्यतेचा १९५५ चा कायदा त्याच वर्षी कडक करून त्याला नागरी हक्क संरक्षण असं नाव दिलं. दलित चळवळीतले काही नेतेही त्या वेळी आणीबाणीच्या बाजूनं बोलले. हे लपवायचं कारण नाही. कायदे चांगलेच होते.

पण त्याच काळात दुसरा हुकूम निघाला, नसबंदीचा. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८१ लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. हुकूम खाली कसा आला ते बघा. दिल्लीनं राज्याला आकडा दिला, राज्यानं जिल्ह्याला, जिल्ह्यानं तालुक्याला, तालुक्यानं ग्रामसेवकाला आणि मास्तराला. कित्येक ठिकाणी आकडा भरला नाही तर पगार बंद. आता गावात मास्तर कुणाच्या दारात जाणार? पाटलाच्या? सोसायटीच्या चेअरमनच्या? आकडा भरला गेला तो गरिबांतून, भूमिहीनांतून, दलित, आदिवासी आणि मुसलमान वस्त्यांतून. ज्यांना 'नाही' म्हणता येत नव्हतं त्यांच्यातून.

ही तीच शिडी. गव्हर्नर-कलेक्टर-मामलेदार-पाटील-महार. फक्त पायऱ्यांची नावं बदलली. म्हणून मी म्हणतो, वरून आलेला हुकूम गावात गावच्याच शिडीनं उतरतो. हुकूमशहाला गाव चालवायला माणसं लागतात, आणि ती त्याला गावातल्या जोरकस जातींतूनच मिळतात.

वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, त्यामुळं बोंब मारायची सोय नव्हती. एक लाखावर माणसं खटल्याशिवाय तुरुंगात होती. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक असा निकाल दिला की अशा माणसाला कोर्टात दादही मागता येणार नाही. विरोधात लिहिणारे एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं. तो निकाल चूक होता हे सुप्रीम कोर्टानं २०१७ साली म्हटलं. मग हे सगळं थांबलं कशानं? मार्च १९७७ च्या मतानं. ज्या गरिबाला धरून नेलं होतं, तो रांगेत उभा राहिला आणि त्यानं पंतप्रधानाला पाडलं. रक्ताचा थेंब सांडला नाही. माझ्या दुसऱ्या सवालाचं उत्तर या देशानं त्या दिवशी दिलं.

६. दुष्काळात कोण मेलं

आता चीनवाल्या दोस्ताकडे येऊ. चीनमध्ये १९५० साली जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि जमीनदाराची जमीन खरंच काढून भूमिहीनांना वाटली. हे मान्य केलं पाहिजे. असलं काम आपल्या सरकारनं केलं नाही. दादासाहेब गायकवाडांना ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा देशभर सत्याग्रह करून लाखो माणसांनिशी तुरुंग भरावे लागले, तरी पदरात थोडंच पडलं.

पण गोष्ट तिथं संपत नाही. वरून दिलेली ती जमीन १९५६ पर्यंत सामुदायिक शेतीत गेली, १९५८ ला कम्यूनमध्ये गेली. 'माझी देत नाही' म्हणायची सोय नव्हती. मग हुकूम आला, इतकं धान्य पिकलंच पाहिजे. खालचे अधिकारी वरच्याला खूश करायला खोटे आकडे पाठवू लागले. त्या खोट्या आकड्यांवर सरकारनं लेव्ही नेली. गावात खायला दाणा नाही आणि धान्य परदेशी विकलं जातंय. १९५९ साली पेंग देहुआई या संरक्षणमंत्र्यानं माओला पत्र लिहून हे सांगायचा प्रयत्न केला, तर त्याचंच पद गेलं. मंत्र्याची ही गत, तिथं शेतकऱ्यानं काय बोलावं? १९५९ ते ६१ च्या त्या दुष्काळात दीड ते साडेचार कोटी माणसं मेली असे अंदाज आहेत.

आपला बहात्तरचा दुष्काळ घ्या. पाऊस सलग बुडाला होता. विहिरी कोरड्या, गुरं कसायाला. माणसं खडी फोडत होती, तलावाची माती वाहत होती, सुकडी आणि मिलो खाऊन जगत होती. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसं सरकारी कामांवर होती. हाल कुत्रं खाणार नाही असे झाले, पण चीनसारखी माणसं मेली नाहीत. सरकार दयाळू होतं म्हणून? अजिबात नाही. मोर्चे होते, तहसीलला घेराव होते, मुंबईत बायांचे लाटणे मोर्चे होते, पेपरात बातम्या होत्या, आणि पुढं निवडणूक होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी त्या रेट्यामुळं पसरली, १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या खडीवर बसलेल्यांत आपलीच माणसं किती होती ते आपल्या घरच्या म्हाताऱ्यांना विचारा.

फरक एवढाच. चीनच्या उपाशी माणसाला ओरडता येत नव्हतं, आपल्याला येत होतं. पण हा 'एवढाच' फरक कोट्यवधी जिवांचा आहे.

७. मग आपली लोकशाही वेशीवर का अडते?

आता मी या व्यवस्थेची आरती ओवाळतोय असं कुणी समजू नका. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला. मुंबईत हात वर झाले आणि मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना ठार केलं. नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. लोकशाहीचा ठराव झाला, पण गावाच्या हुकूमशाहीनं तो सोळा वर्षं अडवला. तमिळनाडूत पाप्पापट्टी, कीरिपट्टी, नट्टारमंगलम या गावांत पंचायतीचं अध्यक्षपद दलितांसाठी राखीव झालं, तर १९९६ पासून दहा वर्षं तिथं निवडणूकच धड होऊ दिली नाही. कुणी अर्ज भरायचा नाही. भरला तर निवडून आल्यावर लगेच राजीनामा द्यायचा.

बाबासाहेब राजकीय बहुमत आणि जातीचं बहुमत यात फरक करत. राजकीय बहुमत आज आहे, उद्या बदलतं. जातीचं बहुमत जन्मानं ठरतं, ते बदलत नाही. जे बहुमत कधी हरूच शकत नाही, ती मतपेटीच्या आडची हुकूमशाहीच. राखीव जागा, ॲट्रॉसिटीचा १९८९ चा कायदा, सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा, हे लांगूलचालन नव्हे. लोकशाही वेशीच्या आत आणायची ती हत्यारं आहेत.

आपल्या पायाखालीही बघा. आमचं नामपूर मोसम नदीकाठचं, कांद्याच्या बाजाराचं गाव. ग्रामपंचायतीला, आमदारकीला, खासदारकीला कांदा काढणाऱ्या बाईचं मत आणि चाळीवाल्या शेतकऱ्याचं मत सारखं. पण बाजार समितीच्या निवडणुकीत? महाराष्ट्रातल्या बाजार समित्यांची सर्वसाधारण रचना अशी : अठरा संचालक, त्यात अकरा सोसायटी गटातून, चार ग्रामपंचायत गटातून, दोन व्यापाऱ्यांचे, एक हमाल-तोलारींचा. तपशील मधूनमधून बदलले, पण कांदा लावणाऱ्या, काढणाऱ्या, निवडणाऱ्या बायांचा गट काही कुणी केला नाही. जिच्या हातून प्रत्येक कांदा जातो तिला मत नाही. हे १९२८ च्या कौन्सिलासारखंच झालं, ज्याच्याकडे सातबारा त्याचंच राज्य. सहकाराच्या पाटीखाली काय माल आहे, हे आपणच विचारायला पाहिजे. आणि विचारता येतं, म्हणूनच ही व्यवस्था राखायची.

८. आपलं घर

शेवटचं जरा झोंबणारं. आपल्या संघटनांत काय चालतं? ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष निघाला आणि त्याची किती शकलं झाली ते मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. प्रत्येक शकलाला एक नेता, आणि नेता म्हणजेच पक्ष. निवडणूक नाही, हिशेब नाही, सवाल विचारला की तो फितूर. जयंती मंडळाचा अध्यक्ष वर्षानुवर्षं तोच. बाया भाकरी थापायला आणि मोर्चात पुढं, ठरवायच्या बैठकीत कुठंच नाहीत. बाबासाहेबांची पूजा करून बाबासाहेबांनी सांगितलेली व्यक्तिपूजेची धोक्याची खूण पुसायची, हे आपण करतोय.

बुद्धाच्या संघात ठराव मांडायची रीत होती, गणसंख्येचा नियम होता, मतभेद झाला तर शलाका वाटून मतं मोजत. आपल्यामागं प्रमुख नेमा म्हटलं तर बुद्धानं नेमला नाही. धम्मच तुमचा प्रमुख, म्हणाले. पंचवीसशे वर्षांपूर्वी भिक्खूंना जमलं ते आपल्या तालुका शाखेला जमू नये?

तेव्हा दोस्तांनो, काम असं आहे. वर्षातून चार ग्रामसभा होतात. प्रत्येकीला वस्तीतली दहा माणसं, त्यात पाच बाया, गेलीच पाहिजेत. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला मागासवर्गीयांसाठीचा पंधरा टक्के निधी कुठं खर्च झाला ते विचारायचं, आणि आपला सवाल प्रोसिडिंग बुकात लिहून घेतल्याशिवाय उठायचं नाही. कागद दिला नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे, अर्ज टाकायचा. आपल्या मंडळाची दर वर्षी निवडणूक घ्यायची आणि हिशेब भिंतीवर लावायचा. आणि टपरीवर कुणी मिलिटरी राज मागितलं तर भांडायचं नाही. शेजारी बसायचं आणि एवढंच विचारायचं : दादा, तो हुकूम तुझ्या गावात कोणाच्या हातानं येईल?

जयभीम.